घर एक, फायली पाच: समेटानंतर घटस्फोटाची कार्यवाही मागे घेण्याचे एक प्रकरण

या प्रकरणात मी पत्नीची वकील होते. दोघांच्या संमतीने ते येथे मांडत असून, ओळख पटू नये म्हणून व्यवसाय, गावे आणि रकमा बदलल्या आहेत. घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे. पती-पत्नी पुन्हा एकत्र आले की न्यायालयातील प्रकरणे आपोआप मिटतात, असा समज पक्षकारांचा तर असतोच, पण आम्हा वकिलांचाही कधीकधी असतो. तो किती महागात पडू शकतो, हे या प्रकरणात मला स्वतःला शिकावे लागले.

पार्श्वभूमी

दक्षिण महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्या या दांपत्याचा विवाह मे २०१५ मध्ये झाला. पती औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात पर्यवेक्षक आणि पत्नी खासगी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. २०१७ मध्ये त्यांना मुलगी झाली. सासू आणि धाकटा दीर त्याच घरात राहत असत. वादाचे मूळ पैशांत होते, पण पैसे अपुरे होते यापेक्षा त्यांचा हिशेब घरात कोणी कोणाला सांगत नव्हते, हे खरे दुखणे होते. दिराच्या धंद्यासाठी पतसंस्थेतून घेतलेल्या कर्जाला पती जामीन राहिला, हप्ते थकले तेव्हा त्याने पत्नीचे सात तोळे दागिने तिला न विचारता सोनेतारण ठेवले, आणि ही गोष्ट उघडकीस आल्यावर झालेल्या भांडणात त्याने तिला मारहाण केली. पुढील काही महिन्यांत तसे आणखी दोनदा घडले. नोव्हेंबर २०२१ मध्ये ती मुलीला घेऊन तालुक्याच्या गावी माहेरी आली.

जून २०२२ मध्ये पतीने हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३ खाली क्रूरतेच्या कारणावरून जिल्ह्याच्या ठिकाणच्या वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात घटस्फोटाची याचिका दाखल केली. पत्नीने ऑगस्टमध्ये कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १२ खाली तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. त्यात फेब्रुवारी २०२३ पासून दरमहा ८,००० रुपये अंतरिम पोटगीचा आदेश झाला. त्याच सुमारास तिच्या फिर्यादीवरून पती, सासू आणि दीर यांच्यावर भारतीय दंड संहितेच्या कलम ४९८-अ (पती वा सासरच्यांकडून छळ) आणि ४०६ (विश्वासघाताने मालमत्तेचा अपहार) खाली गुन्हा नोंदवला गेला व पुढे दोषारोपपत्रही दाखल झाले. पोटगी थकल्यामुळे नोव्हेंबर २०२३ मध्ये ७२,००० रुपयांच्या वसुलीचा स्वतंत्र अर्ज करण्यात आला. या शेवटच्या अर्जाकडे वाचकांनी लक्ष ठेवावे. आम्ही ते ठेवले नाही.

जानेवारी २०२४ मध्ये दिवाणी न्यायालयाने प्रकरण मध्यस्थीसाठी पाठवले. तिथे समेटाचा विषय पाच मिनिटांत संपला आणि उरलेल्या तीन बैठका रक्कम ठरवण्यात गेल्या. पतीने एकरकमी ११ लाख रुपये द्यायचे, त्यांपैकी ३ लाख लगेच. सर्व दागिने सोडवून परत करायचे. मुलगी आईकडे राहील आणि एक रविवार सोडून एका रविवारी वडिलांना भेटेल. थकित पोटगी या रकमेत सामावली जाईल, असे ठरले. त्यानुसार फेब्रुवारी २०२४ मध्ये कलम १३-ब खाली परस्पर संमतीची नवी याचिका दाखल झाली. पतीची मूळ याचिका त्याच वेळी काढून घ्यायला हवी होती, परंतु संमती फिसकटली तर ती हाताशी असावी म्हणून त्याच्या वकिलांनी ती तशीच ठेवली. मीही त्याला हरकत घेतली नाही.

वळण

कलम १३-ब मध्ये याचिका दाखल केल्यापासून सहा महिन्यांनी, घटस्फोट हवाच आहे असा दुसरा प्रस्ताव दोघांनी मिळून मांडावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या अमरदीप सिंह निकालानंतर हा कालावधी माफ करून मागता येतो, आणि पती तसा अर्ज करायला तयारही होता. ११ लाखांपैकी उरलेले पैसे उभे करायला त्याला वेळ लागणार होता, केवळ म्हणून तो अर्ज झाला नाही. त्या सहा महिन्यांत जे घडले ते पाहता पैशांची ती अडचण इष्टापत्ती ठरली, असे आता वाटते.

संमतीच्या अटींमध्ये दागिन्यांची यादी जोडायची होती. ती करताना पतीला पहिल्यांदाच सोनेतारणाच्या पावत्या, जामीन राहिलेल्या कर्जाचा उतारा आणि स्वतःच्या पगारातून होणाऱ्या कपातीचे कागद पत्नीसमोर ठेवावे लागले. जे लग्नाच्या सहा वर्षांत झाले नाही ते घटस्फोटाच्या कागदांमुळे झाले. पैसे कुठल्या तरी व्यसनात किंवा दुसऱ्या बाईवर जातात, हा तिचा संशय त्या दिवशी संपला. ते भावाच्या कर्जात जात होते आणि तो हे आईच्या सांगण्यावरून लपवत होता. मे महिन्यात त्याने दागिने सोडवून यादीप्रमाणे तिच्या हाती दिले. रविवारच्या भेटी हळूहळू लांबू लागल्या. जुलैच्या अखेरीस ती माझ्याकडे आली आणि तिने दोन गोष्टी सांगितल्या: घटस्फोट नको आहे, आणि सासरच्या घरीही लगेच जायचे नाही.

दुसऱ्या प्रस्तावाची तारीख तीन आठवड्यांवर होती. हुकूमनामा (घटस्फोटाचा अंतिम आदेश) झाला असता, तर याचिका काढून घेण्याचा प्रश्नच उरला नसता; कायद्याच्या दृष्टीने पुन्हा पती-पत्नी होण्यासाठी त्यांना पुन्हा विवाह करावा लागला असता.

प्रश्न

वरवर पाहता काम सोपे होते, कारण परस्पर संमतीची याचिका हुकूमनामा होईपर्यंत केव्हाही मागे घेता येते. सुरेष्टा देवी प्रकरणात १९९१ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की संमती हुकूमनाम्याच्या क्षणापर्यंत टिकून असली पाहिजे आणि ती एकट्या पक्षालाही काढून घेता येते. पण ती याचिका ही अनेकांपैकी एक फाईल होती. प्रत्येक फाईल वेगळ्या कायद्याखालची होती, ती बंद करण्याचा अधिकार प्रत्येक ठिकाणी वेगळ्या व्यक्तीकडे होता, आणि मुख्य म्हणजे ती बंद झाल्याने दोघांचे सारखे नुकसान होणार नव्हते. पतीने याचिका काढून घेतली तर त्याच्या हातून एक दावा जाणार होता. पत्नीने तिचे अर्ज काढून घेतले तर तिचे संरक्षण, पोटगी आणि पुन्हा हात उगारला गेल्यास मागे असलेला आधार हे सगळेच जाणार होते. ही विषमता लक्षात न घेता ‘दोघांनीही सगळे मागे घ्या’ असे सांगणारे नातेवाईक दोन्हीकडे होते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय काहीच न करण्याचा होता. अठरा महिने उलटले की संमतीच्या याचिकेवर पुढे जाता येत नाही आणि गैरहजेरीमुळे मूळ याचिकाही कधीतरी निकाली निघते, असे पतीच्या एका मित्राने त्याला सांगितले होते. परंतु फौजदारी खटल्यात गैरहजर राहणाऱ्या आरोपीवर वॉरंट निघते आणि पोटगीचा आदेश रद्द होईपर्यंत थकबाकी वाढत राहते. त्यामुळे हा पर्याय लगेच बाद झाला. न्यायिक फारकतीचा (विवाह कायम ठेवून वेगळे राहण्याचा) विषयही निघाला, पण एकत्र राहायला निघालेल्यांना त्याचा उपयोग नव्हता.

दुसरा पर्याय सर्व प्रकरणे एकाच आठवड्यात मागे घेण्याचा. पतीच्या घरच्यांचा आग्रह याचाच होता, कारण दिराच्या नोकरीच्या अर्जात प्रलंबित गुन्ह्याची माहिती द्यावी लागत होती. तिसरा पर्याय माझा होता: आधी घटस्फोट थांबवावा, मग तीन महिने एकत्र राहून पाहावे, आणि तिच्या संरक्षणाची प्रकरणे सर्वांत शेवटी बंद करावीत. यावर पतीच्या वकिलांचा आक्षेप असा की, डोक्यावर गुन्हा ठेवून संसार सुरू करायला सांगणे हा समेट नव्हे. त्यांचे म्हणणे मला चुकीचे वाटले नाही. मात्र उलट क्रम लावला तर त्याच वाक्यात फक्त व्यक्ती बदलते, हे मी त्यांना दाखवून दिले. शेवटी पतीनेच तिसरा क्रम मान्य केला. ज्याने हात उगारला त्याने आधी थांबायचे, इतके साधे कारण त्याने दिले.

कार्यवाही: दोन याचिका

ऑगस्ट २०२४ मध्ये दोघांनी मिळून संमतीची याचिका काढून घेत असल्याची पुरसिस (न्यायालयाला दिलेले लेखी निवेदन) दिली. न्यायाधीशांनी दोघांना वेगवेगळे विचारले, कोणाचा दबाव आहे का याची खात्री केली आणि याचिका निकाली काढली. मूळ याचिकेत समेटाच्या प्रयत्नांसाठी जानेवारीपर्यंतची तारीख मागितली आणि ती मिळाली.

सासरकडच्यांना तिने गौरींना घरी यावे आणि मग तिथेच राहावे असे वाटत होते. ती गौरींसाठी दोन दिवस गेली आणि परत माहेरी आली. पितृपंधरवडा संपल्यावर दसऱ्याच्या दिवशी दोघे मुलीसह तिच्या शाळेजवळच्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहू लागली. वेगळे बिऱ्हाड, दोघांच्या पगाराचा महिनाअखेर हिशेब, यापुढे कोणालाही जामीन न राहणे आणि मिळालेले ३ लाख रुपये परत न करता मुलीच्या नावे मुदत ठेवीत टाकणे, एवढ्या चार गोष्टी त्यांनी शंभर रुपयांच्या मुद्रांकावर लिहून घेतल्या. असा कागद मोडल्यास न्यायालय महिनाअखेरचा हिशेब कोणाकडून वसूल करून देणार नाही, हे मी दोघांना स्पष्ट सांगितले होते. तो त्यांनी न्यायालयात दाखल केला नाही, कपाटात ठेवला. माझ्या मते त्याची योग्य जागा तीच होती.

मूळ याचिका मागे घेण्याच्या वेळी एका वाक्यावरून खरा खल झाला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३, नियम १ नुसार दावा नुसताच काढून घेतला तर त्याच विषयावर पुन्हा दावा करता येत नाही. पुन्हा करण्याची मुभा हवी असेल तर पुरेसे कारण दाखवून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. पतीच्या वकिलांनी मसुद्यात ही मुभा मागितली होती. पत्नीने तो वाचला आणि विचारले, की मग त्यांनी काढून काय घेतले?

यावर आम्ही दोघा वकिलांनी शांतपणे विचार केला. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ नुसार अर्जदाराने क्रूरता माफ केलेली असेल तर तिच्या आधारे त्याला घटस्फोट मिळत नाही. पुण्याच्या न्यायालयात सुरू झालेल्या दास्ताने प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये हेच तत्त्व लावले: क्रूरता सिद्ध झाली होती, पण त्यानंतर पती-पत्नी म्हणून एकत्र राहिल्याने ती माफ झाली असे ठरले आणि पतीला त्या आधारावर न्यायिक फारकत मिळाली नाही. त्याच निकालात हेही म्हटले आहे की ही माफी सशर्त असते; पुढे पुन्हा तसे वर्तन झाले तर जुने कारण पुनरुज्जीवित होऊ शकते. म्हणजे जुन्याच आरोपांवर नवी याचिका करण्याची मुभा घेऊनही पतीच्या हाती फारसे काही लागणार नव्हते, आणि उद्या नवे कारण घडले तर आजच्या माघारीने त्याची वाट बंद होणार नव्हती. मुभेचे वाक्य गेले. जानेवारी २०२५ मध्ये बिनशर्त पुरसिस देऊन याचिका काढून घेण्यात आली.

राहून गेलेली फाईल

त्याआधी डिसेंबरमध्ये एका सकाळी पोलीस शिपाई त्या भाड्याच्या घराच्या दारात उभा राहिला. पतीच्या नावे थकित पोटगीचे अटक वॉरंट होते, आणि दार पत्नीने उघडले.

झाले होते ते असे. तालुक्याच्या न्यायालयातील काम मी तिथल्या एका सहकारी वकिलांकडे सोपवले होते. हिंसाचार कायद्याखालचा मुख्य अर्ज तूर्त चालवायचा नाही, हे मी त्यांना कळवले होते. वसुलीच्या अर्जाला वेगळा क्रमांक होता आणि तो माझ्या यादीतच नव्हता. थकबाकी ११ लाखांत सामावल्याचे संमतीच्या अटींत लिहिले होते, पण त्या अटी दिवाणी न्यायालयात होत्या आणि त्यांची याचिकाच आता मागे घेतली गेली होती. सहकारी वकिलांनी नेहमीप्रमाणे तारखेला हजर राहून वॉरंटची मागणी केली. त्यात त्यांची काही चूक नाही.

पत्नी त्याच दिवशी पतीबरोबर न्यायालयात गेली, थकबाकीबाबत तक्रार उरली नसल्याची पुरसिस तिने दिली आणि वॉरंट रद्द झाले. कायदेशीर नुकसान काही झाले नाही. पण हे तिने मुद्दाम ठेवले होते अशी पतीची समजूत झाली आणि तो चार दिवस आईच्या घरी जाऊन राहिला. मी त्याला कार्यालयात बोलावून माझ्या वहीतील यादी दाखवली आणि चूक माझी असल्याचे सांगितले. दुसऱ्या पक्षकाराला अशी कबुली देणे आमच्या व्यवसायात रूढ नाही. त्या दिवशी मला त्याखेरीज मार्ग दिसला नाही. तो त्या संध्याकाळी परत गेला.

अंतरिम पोटगीचा आदेश तोपर्यंत कायमच होता. परिस्थिती बदलल्यास असा आदेश बदलता वा रद्द करता येतो, तशी तरतूद हिंसाचार कायद्याच्या कलम २५ मध्ये आहे. जानेवारीत तिने मुख्य अर्ज आणि वसुलीचा अर्ज दोन्ही काढून घेतले व आदेश संपुष्टात आल्याची नोंद करून घेतली.

शपथपत्रातील एक शब्द

उरला तो गुन्हा. फिर्याद पोलीस ठाण्यात जाऊन ‘मागे घेता’ येते, अशी दोन्ही घरांची कल्पना होती. दोषारोपपत्र दाखल झाल्यावर तसे काही उरत नाही, आणि कलम ४९८-अ चा गुन्हा आपल्याकडे पक्षकारांना आपसात मिटवता येत नाही. बी. एस. जोशी (२००३) आणि ग्यान सिंग (२०१२) या निकालांनुसार वैवाहिक वाद खरोखर मिटला असेल तर उच्च न्यायालय अशी कार्यवाही रद्द करू शकते. सासरच्यांनी आणखी एक ‘सोपा’ मार्ग सुचवला होता: तिने साक्षीला उभे राहून काही घडलेच नाही असे सांगावे. शपथेवर खोटे बोलण्याचा तो सल्ला मी तिथेच थांबवला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईत अर्ज दाखल झाला. गुन्हा जुन्या दंड संहितेखालचा असला तरी अर्ज फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम ५२८ खाली करावा लागला. त्यासोबत पत्नीचे ना-हरकत शपथपत्र लागते. दुसऱ्या बाजूने आलेल्या मसुद्यात, फिर्याद ‘गैरसमजातून’ दिली गेली, असे वाक्य होते. असे वाक्य इतके सरसकट लिहिले जाते की माझ्याही नजरेतून ते सुटले असते. तिने सही करण्यास नकार दिला. गैरसमज पैशांबद्दल होता, मारहाणीबद्दल नव्हता, असे तिचे म्हणणे होते. पतीच्या वकिलांना भीती वाटत होती की याशिवाय न्यायालयाचे समाधान होणार नाही. कार्यवाही रद्द होण्यासाठी फिर्याद खोटी होती असे म्हणण्याची गरज नसते. वाद स्वेच्छेने मिटला आहे आणि फिर्यादीला खटला चालवायचा नाही, एवढे पुरते. शेवटी ‘दोघांमधील वाद सामोपचाराने मिटला असून आम्ही एकत्र राहत आहोत’ असे वाक्य घातले गेले. सासूबाईंना ते आवडले नाही. पतीने मात्र त्यावर एका शब्दानेही हरकत घेतली नाही, आणि माझ्या दृष्टीने समेटाचा सर्वांत विश्वासार्ह पुरावा तोच होता.

निष्पत्ती

तोपर्यंत तालुक्याच्या न्यायालयात तिन्ही आरोपी तारखांना हजर राहत होते. सासूबाईंसाठी वयामुळे हजेरी माफीचे अर्ज द्यावे लागले. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने पत्नीची ओळख व स्वेच्छा पडताळून कार्यवाही रद्द केली. त्या आदेशाची प्रमाणित नक्कल खालच्या न्यायालयात देऊन खटला बंद झाल्याची नोंद रोजनाम्यात (न्यायालयाच्या दैनंदिन नोंदीत) होईपर्यंत आणखी महिना गेला. ही शेवटची पायरी अनेक जण विसरतात आणि मग जुन्या तारखेवर वॉरंट निघते. पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट २०२५ मध्ये, कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाले. या भागातील पक्षकारांच्या मुंबईच्या फेऱ्या त्यामुळे वाचल्या. या दांपत्याच्या मात्र दोन फेऱ्या होऊन गेल्या होत्या.

आज हेच प्रकरण आले तर

समेटाची पहिली कुणकुण लागताच मी ई-कोर्ट्स या न्यायालयीन प्रकरणांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर दोघांच्या नावांनी जिल्ह्यातील सर्व न्यायालयांत शोध घेईन आणि प्रत्येक किरकोळ अर्जाचा क्रमांक कागदावर उतरवून त्या कागदावर दोन्ही वकिलांच्या सह्या घेईन. वसुलीचा अर्ज या दहा मिनिटांच्या कामात सापडला असता. संमतीची याचिका करताना मूळ याचिका जिवंत ठेवू देणार नाही. एकाच विवाहावर दोन याचिका ठेवल्याने कोणाचीही सुरक्षितता वाढली नाही, फक्त जानेवारीतला तो वाद वाढला. मध्यस्थीच्या पहिल्या बैठकीतच रकमेकडे वळण्याऐवजी दोघांचे हिशेबाचे कागद मागवून घेईन, मग निष्कर्ष घटस्फोटाचा निघाला तरी चालेल.

एका निर्णयाबद्दल माझे मत अजून पक्के झालेले नाही. तीन महिन्यांच्या एकत्र राहण्याची अट मी घातली, तिला कायद्याचा आधार नव्हता. तो केवळ माझा अंदाज होता. पत्नीला नंतर विचारले तेव्हा ती म्हणाली की तीन महिने कमी होते. पतीच्या मते ते फार होते. भाड्याच्या घराचा अकरा महिन्यांचा करार त्यांनी सप्टेंबरमध्ये पुन्हा अकरा महिन्यांसाठी केला आहे, आणि या वेळी भाडेकरू म्हणून दोघांची नावे आहेत.